पावसाळ्यात घोडीच्या खुरांना वास येतोय, नाल परत ठोकावी का?

उल्हासकाठ

नमस्कार मंडळी. इथे गाई-म्हशींच्या खुरांवर भरपूर लिहिलेलं सापडलं, घोड्याच्या खुरांवर काहीच नाही, म्हणून नवा धागा काढतेय.

आमच्याकडे शेवंता नावाची घोडी आहे. वय सोळा-सतराच्या आसपास, रंग कुम्मैत, म्हणजे तांबूस तपकिरी, चारही पाय खाली पांढरे आणि कपाळावर पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. उंचीला तट्टूच, तिची पाठ माझ्या छातीला लागते. आयुष्यभर माथेरानला मामांकडे होती. दस्तुरी नाक्यावरून पाहुण्यांना हॉटेलांपर्यंत न्यायचं, मग पॉइंट दाखवायचे, हेच काम. वर मोटारगाड्यांना बंदी असल्यामुळे घोड्यांच्या पायांना किती चालावं लागतं ते तिकडे जाऊन आलेल्यांना माहीत असेल. गेल्या दिवाळीनंतर मामांनी तिचं काम थांबवलं आणि खाली नेरळजवळ आमच्या वाडीत आणून बांधली. विकायचा विषय निघाला होता, पण तिला कुणा परक्याच्या हाती द्यायची कल्पनाच मला सहन झाली नाही. आता तिच्यावर कुणी बसत नाही. सकाळी मी तिला ओढ्यापर्यंत फिरवते, संध्याकाळी खरारा करते, बाकी वेळ ती आणि आमची म्हातारी गाय शेजारी शेजारी उभ्या.

खाली आणल्यावर नालबंदाकडून चारही नाला काढून घेतल्या. उन्हाळाभर पाय उत्तम होते. कडा झिजून गोल झाल्या, रस्त्यावर चालायलाही त्रास नव्हता. आषाढ लागला आणि चित्र पालटलं. सगळीकडे चिखल, आणि गोठ्यात कोबा असल्यामुळे मागच्या कोपऱ्यात मूत साचतं. आता पुढचे पाय उचलून आकडीने साफ करताना तळव्यातल्या मधल्या त्रिकोणाच्या बाजूच्या खाचांमधून काळा चिकट लगदा निघतो आणि त्याला अतिशय घाण वास येतो. डाव्या पायात तर टाचेच्या दोन उंचवट्यांमध्ये बारीक चीर आहे. तिथे आकडी लागली की ती पाय हिसकावते. मातीवर लंगडत नाही, डांबरी रस्त्यावर मात्र पावलं आखूड टाकते.

सल्ले भरपूर मिळालेत. शेजारचे काका म्हणतात गाडीचं जळकं तेल ओता. मामा म्हणतात मोरचूद भर. गावातले एक जण म्हणतात नाल ठोकली की पाय चिखलातून वर राहील. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत: पांढरे खूर कच्चेच असतात, चालायचंच. हे शेवटचं मला पटत नाही. इतकी वर्षं त्याच पांढऱ्या खुरांवर तिने डोंगर तुडवला आहे.

खाणं: सकाळ-संध्याकाळ भिजवलेले हरभरे आणि कोंडा, आणि कापून आणलेलं ओलं गवत, खाईल तितकं. मामांकडे असताना जी चंदी मिळायची तीच चालू ठेवली आहे.

नाल ठोकावी का? आणि त्या चिरेत काय घालू? घोड्यांच्यात वावरलेल्या माणसांनी कृपया सांगा.

दस्तुरीवाला

ताई, तुमची शेवंता मी नक्की पाहिली असणार. वर पंचकल्याणी घोडी लपून राहत नाही.

आधी नालीचं. आत्ता नाल ठोकू नका. ओल्या खुरात खिळा धरत नाही, कड तुटते आणि नाल आठवड्यात हलायला लागते. शिवाय नालीच्या आतल्या बाजूला चिखल अडकून बसतो, तो रोज दोनदा काढला नाही तर सडणं वाढतं. नाल असते ती दगडावर ओझं घेऊन चालणाऱ्या घोड्यासाठी. वरच्या जांभ्या दगडावर रोज चालणाऱ्याला नाल नसेल तर खूर झिजून रक्त दिसेल. तुमची घोडी निवृत्त आहे, तिला नालीची गरज नाही. माथेरानच्या रस्त्यावर मातीचे ब्लॉक बसवले तेव्हा आम्ही घोडेवाले इतके का ओरडलो तेही यातच आलं. भिजलेल्या गुळगुळीत ब्लॉकवर लोखंडी नाल घसरते, आणि घोडा पडला की पाठीवरचं माणूसही पडतं. तो वेगळा विषय आहे, पण जीव जळतो म्हणून लिहिलं.

आता जागेचं. औषधाच्या आधी कोबा बघा. मूत साचणारा कोपरा फोडा, मुरूम भरून बाहेरच्या बाजूला ढाळ द्या. वर भाताचा पेंढा टाका, पण रोज सकाळी ओला झालेला सगळा काढायचा. वरून नवा टाकून खालचा झाकायचा नाही, खाली वाफ धरते. उघडीप मिळाली की घोडीला कातळावर किंवा कोरड्या खडीवर उभी करा, तासभर मिळाला तरी फरक पडतो.

पाय उचलतानाचं एक सांगतो, नवीन पोरं इथे गडबडतात. दुखऱ्या पायाचा घोडा तुम्ही वाकण्याआधीच अंग चोरतो. खांद्यापासून हात फिरवत खाली या, सांध्याच्या वर नुसतं दाबा, तो स्वतः वजन काढेल तेव्हाच उचला. पाय बाहेर खेचू नका, त्याच्या पोटाखालीच ठेवा. म्हाताऱ्या घोड्याचे सांधे आखडलेले असतात, पाय उंच धरला की त्याला कळ लागते आणि आपण म्हणतो घोडी खोडकर झाली. आकडी टाचेकडून पुढे चालवा, उलटी नाही.

पशुवैद्य_वाई

वरच्या प्रतिसादातला शब्दन् शब्द पटला. मी वैद्यकीय बाजू लिहितो.

वर्णनावरून हा थ्रश दिसतो. मधल्या त्रिकोणाच्या खाचांमध्ये हवा पोचत नाही तिथे वाढणारे जिवाणू खुराचं शिंग, म्हणजे त्याचा नखासारखा कडक भाग, कुजवतात, तो काळा लगदा आणि वास त्यांचाच. त्यांना ओल, शेण-मूत आणि अंधारी खाच लागते. म्हणून साफ करणं आणि कोरडं ठेवणं हेच मुख्य औषध, बाटलीतलं दुय्यम.

रोज दोनदा खाचा साफ करा. सुटलेले, लोंबणारे तुकडे नालबंदाकडून किंवा पशुवैद्याकडून कापून घ्या, पण घट्ट भागाला हात लावू देऊ नका. तळवा छान गुळगुळीत दिसावा म्हणून काही जण तो सोलून काढतात. त्याने संरक्षण जातं आणि पाय आणखी नाजूक होतो. साफ केल्यावर धुतलंच तर पूर्ण पुसून कोरडं करा, मग पोव्हिडोन आयोडीन लावा. डाव्या पायातली चीर नुसती वरून पुसून भागणार नाही. गॉजची बारीक वात औषधात बुडवून चिरेत हलकेच सरकवायची आणि रोज बदलायची. तिथे दुखतंय म्हणजे सडणं जिवंत भागाजवळ पोचलेलं असू शकतं.

याच कारणासाठी मोरचूद आत्ता नको. तो जिवाणू मारतो हे खरं, पण उघड्या मांसाला जाळतो. मामांचा सल्ला चुकीचा नाही, वरवरच्या थ्रशला तो चालतो, या चिरेला नाही. जळकं तेल मात्र कधीच नको. ते ओल आत कोंडून ठेवतं आणि त्यात विषारी घटक असतात.

धनुर्वाताची लस झाली आहे का? घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो आणि खुराची जखम हा त्याचा नेहमीचा रस्ता आहे. झाली नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यांना याच आठवड्यात बोलवा. तेव्हाच ती चीर किती खोल आहे तेही ते बघतील. चिरेतून रक्त आलं, खुराच्या वर सूज चढली किंवा मातीवरही लंगडू लागली तर तासभरही थांबू नका.

मला खरी काळजी तुम्ही शेवटी लिहिलेल्या ओळींची वाटली. काम करणाऱ्या घोडीची चंदी बसून असलेल्या घोडीला, वर पावसाळ्यातलं कोवळं गवत पोटभर. तट्टू जातीला अशा खाण्यावर लॅमिनायटिस होतो, म्हणजे खुराची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणारा थर सुजतो. थ्रश बरा होतो, लॅमिनायटिसने घोडा कायमचा अधू होऊ शकतो. डांबरी रस्त्यावर आखूड पावलं टाकणं दोन्हींत दिसतं, म्हणून रोज खुरावर तळहात ठेवून ऊब बघा आणि खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी बघा. एरवी ती जेमतेम लागते. ठणठण उडत असेल, किंवा घोडी पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभी राहत असेल, तर डॉक्टरांना फोन. हरभरे आठवडाभरात हळूहळू कमी करून बंद करा. वाळलेलं गवत रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या घोडीला साधारण साडेतीन ते साडेचार किलो, त्यावर मीठ आणि खनिज मिश्रण. एवढं पुरतं.

पांढऱ्या खुरांबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. फरक रंगाचा असतो, मजबुतीचा नाही.

मुळेकाठी

मी पुण्यात घोडेस्वारी शिकते, त्यामुळे फक्त नालबंदाबद्दल लिहिते. पावसाळ्यात रेसचा हंगाम पुण्यात असतो. मुंबईचे घोडे इकडे येतात, त्यांच्याबरोबर त्यांचे नालबंदही. त्यामुळे जुलै ते ऑक्टोबर कर्जत-नेरळकडे चांगला नालबंद शोधताना तुम्हाला अडचण येईल. आत्तापासून सांगून ठेवा आणि आजूबाजूचे दोन-तीन घोडेमालक मिळून एकच फेरी ठरवा. नाल नसली तरी सहा ते आठ आठवड्यांनी कानस फिरायला हवीच. खुराचं पुढचं टोक लांबलं की टाच खाली दबते आणि खाचा आणखी अरुंद होतात.

उल्हासकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. श्रावण लागला, आता काय झालं ते सांगते.

तालुक्याचे डॉक्टर येऊन गेले. लस दिली, चीर बघितली. अंगठ्याच्या नखाएवढी खोल होती, आत मांस उघडं नव्हतं. खुरात ऊब नाही, नाडीही शांत. लॅमिनायटिस नाही हे ऐकल्यावर माझ्या जिवात जीव आला. हरभरे बंद केले. पहिले काही दिवस ती बादलीकडे बघून पाय आपटायची, ते बघवत नव्हतं, पण वाळलेलं गवत छोट्या भोकांच्या जाळीत टांगलं आणि तिला दिवसभर चघळायला काम मिळालं.

आमच्या ह्यांनी कोबा फोडून मुरूम भरला. गाईची बाजूही केली, तिच्याही खुरांखाली आता कोरडं असतं.

गॉजची वात आत सरकवायला आइस्क्रीमची लाकडी काडी फार उपयोगी पडते, धातूचं काही नको. सुरुवातीला वात बाहेर काढली की काळी आणि ओली यायची. मग करडी यायला लागली. आता आयोडीनच्या तपकिरी रंगाचीच निघते, वास नाही. चीर तळापासून वर भरत आली आहे, आतलं नवं शिंग फिकट राखाडी आणि दाबलं तर रबरासारखं घट्ट लागतं. उजवा पाय पूर्ण बरा आहे. आकडीचा डबा वाजला की तो ती स्वतःहून उचलते, डावा मात्र अजून मागावा लागतो. दस्तुरीवाले दादा, पाय पोटाखाली धरायचं तुम्ही सांगितलंत त्याने निम्मी झटापट संपली.

एक शंका राहिली आहे. पुढच्या दोन्ही खुरांच्या भिंतीवर, जमिनीपासून बोटभर उंचीवर, एक आडवी वळी दिसते. सगळीकडे सारख्या उंचीवर आहे. नालबंद पुढच्या सोमवारी येतोय, त्याला ती कानसून काढायला सांगू का?

पशुवैद्य_वाई

नको, भिंतीचा बाहेरचा थर उगाच घासायचा नाही. वळी टाचेकडे रुंद आणि पुढे अरुंद असती तर मला काळजी वाटली असती, ती जुन्या लॅमिनायटिसची खूण असते. सारख्या अंतराची वळी खाण्यापिण्यातला किंवा हवामानातला बदल सांगते. खूर वरून खाली महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. तट्टूच्या खुरात जमिनीपासून बोटभर वर आलेली वळी म्हणजे आठ-नऊ महिन्यांपूर्वीचा काळ, माथेरानवरून खाली उतरली तेव्हाचा. पुढच्या एक-दोन तासण्यांत ती आपोआप निघून जाईल. वर केसांजवळ नवीन वळी येते का तेवढं बघत राहा, कारण हरभरे आत्ताच बंद केलेत. आणि डाव्या पायाची वात चीर पूर्ण बुजेपर्यंत सोडू नका, वास गेला तरी.