हार्डटॉपला फिनिश कोणतं: खडबडीत काळं की बॉडी कलर?

तांबडीवाट
मंडळी, तीन आठवडे झाले एकाच गोष्टीवर अडून बसलोय म्हणून शेवटी इथे विचारतोय. गाडी जीप रँग्लर, जेके मॉडेल, चार दरवाज्यांची, टॉप (काढता येणारं कडक छप्पर) नेहमीचा तीन तुकड्यांचा म्हणजे पुढे दोन पॅनेल आणि मागे एक मोठा भाग. कंपनीतून आला तेव्हा खडबडीत काळा होता, आता राख फासल्यासारखा दिसतो, बोट फिरवलं की बोटाच्या टोकाला काजळी येते आणि पाऊस पडून गेला की मागच्या काचांवर करडे ओघळ सुकलेले असतात. प्लॅस्टिक काळं दिसावं म्हणून लावतात ते ड्रेसिंग लावून बघितलं, दोन धुण्यांत गेलं. आता माझं मन बॉडी कलरकडे झुकलंय, टॉप गाडीच्याच रंगात रंगवायचा, वर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर मारायचा, झालं. गाडी एकसंध दिसते, धुवायला सोपी, आणि ऊन खायचं ते क्लिअर कोट खाईल, खालचं मटेरियल वाचेल. सोबत फिरणारे सगळे मात्र काळाच ठेव म्हणतायत. ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी कारणासकट सांगा. गाडी नुसती शोची नाही, महिन्यातून दोनदा तरी जंगलवाटेला जाते.

दगडधोंडे
शेवटच्या वाक्यात तुमचं उत्तर तुम्हीच दिलंय. जंगलवाटेला जाणाऱ्या गाडीवर चकचकीत टॉप घालू नका, मी घातला होता म्हणून सांगतोय. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे मिलीमीटरचा विसावा हिस्सा. पहिल्याच ट्रिपला अरुंद वाट होती, दोन्ही बाजूंनी काटेरी फांद्या, आणि परत आल्यावर मागच्या खिडकीच्या वर कंगवा ओढल्यासारख्या बारीक रेघा, उजेड तिरका पडला की सगळ्या दिसायच्या. पॉलिश करून घालवल्या, पुढच्या ट्रिपला परत. प्रत्येक पॉलिशला तो थर अजून पातळ होतो, मग एक दिवस खालचा रंग उघडा पडतो आणि पोपडे निघायला लागतात. खडबडीत काळ्यात रंग वरून लावलेला नसतो, मटेरियलमध्येच आतपर्यंत मिसळलेला असतो, दगड लागून टवका उडाला तरी आत काळंच दिसतं आणि ओरखडा त्या खरबरीत दाण्यांत विरून जातो. राखाडी झालाय तो फक्त वरचा थर, त्यावर इलाज आहे.

फोरबायफोर
दगडधोंडे, तुमचा अनुभव खरा असेल पण निष्कर्ष पटला नाही. फांदी काय फक्त टॉपला लागते का? बॉनेट, दरवाजे, मडगार्ड सगळ्यांना लागते, आणि ते सगळे रंगवलेलेच असतात, मग टॉपच तेवढा रंगवायचा नाही हा नियम कुठून आला? आणि ‘रंग आतपर्यंत आहे’ याचा अर्थ मटेरियल उन्हात उघडंच आहे असाही होतो. उन्हाने वरची रेझिन, म्हणजे मटेरियल बांधून ठेवणारं प्लॅस्टिक, झिजते, पावडर होते, धागाकर्त्यांच्या बोटाला लागते ती हीच. असा आत मिसळलेला मोल्डेड कलर म्हणजे कायमचा निर्धास्तपणा असंही नाही, २०२१ च्या फोर्ड ब्रॉन्कोचं आठवा, त्याच प्रकारच्या टॉपवर ओलावा आणि दमटपणामुळे सापाच्या कातडीसारखी नक्षी उमटायला लागली आणि तोवर बनलेल्या सगळ्या गाड्यांचे ते टॉप बदलून द्यायचं फोर्डला जाहीर करावं लागलं. माझा टॉप सात वर्षं बॉडी कलरमध्ये आहे, रेघा आहेत, नाही म्हणत नाही, पण हात फिरवला की हात स्वच्छ राहतो.

दगडधोंडे
ब्रॉन्कोचा प्रश्न त्या टॉपच्या बनावटीचा होता, त्यावरून काळं टेक्स्चरच वाईट ठरत नाही. बॉनेटचं म्हणाल तर फांद्या खाली वाकतात आणि मागे सरकताना छताच्या कडेवर आणि मागच्या कोपऱ्यावर सगळ्यात जास्त घासतात, तुमची गाडी कुठून जाते मला माहीत नाही पण माझ्या गाडीवर सगळ्यात वाईट रेघा तिथेच आहेत. आणि बॉनेट तुम्ही ट्रिपआधी काढून भिंतीला टेकवून ठेवत नाही. पुढची पॅनेल आपण सारखी काढतो, जमिनीवर ठेवतो, पिशवीत कोंबतो. दोन पॅनेल जिथे एकमेकांना भिडतात त्या कडेचा रंग माझ्याकडे सगळ्यात आधी गेला, फांदी लागायच्याही आधी.

फोरबायफोर
कडेचा मुद्दा मान्य. तो मी विचारात घेतला नव्हता, कारण मी पॅनेल वर्षातून एखाद्या वेळीच काढतो.

रंगारी
माझं कामच हे आहे त्यामुळे जरा लांबेल. दोघं फिनिशवर भांडताय पण अर्ध्याहून जास्त टॉप बिघडतात ते तयारीत. हा टॉप फायबर मिसळलेल्या रेझिनचा, साच्यात गरम दाबून बनवलेला, आणि साच्यातून सुटावा म्हणून त्यात घातलेला पदार्थ पृष्ठभागावर राहतो, त्यावर रंग नीट धरत नाही. त्यात धागाकर्त्यांनी ड्रेसिंग लावलंय, त्यात बहुतेक सिलिकॉन असणार. सिलिकॉनवर प्रायमरची (रंगाखालच्या पहिल्या थराची) गन मारली की रंग जागच्या जागी फाकतो, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, मधोमध खालचं काळं दिसतं, मग सगळं घासून परत पहिल्यापासून. म्हणून आधी धुणं, मग ग्रीस काढणाऱ्या सॉल्व्हंटने दोनदा पुसणं, दर वेळी नवं फडकं, आणि त्यानंतरच सँडपेपर मारणं. आधी पेपर मारला तर तेच सिलिकॉन ओरखड्यांत चोळलं जातं, ही चूक मी फार बघितलीय. मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग.

दुसरं, बॉडी कलर करायचा तर दाणेदार टेक्स्चर आधी भरून घासून सपाट करावं लागतं, नाहीतर रंग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. या कामाचे तास लोक धरतच नाहीत.

तिसरा रस्ता कोणी काढला नाही म्हणून मी काढतो, पिकअपच्या हौद्यात मारतात तसलं टू-के (दोन भाग मिसळून मारायचं) लायनर कोटिंग. खडबडीत, चिवट, चरा पडला तर तेवढ्याच जागी परत मारता येतं. फक्त विचारून घ्या की उन्हाला टिकणारं, म्हणजे अ‍ॅलिफॅटिक आहे का, अ‍ॅरोमॅटिक असेल तर उन्हात तेही विटतं आणि तुम्ही पुन्हा राखाडीवर येता. आणि रबरी सीलची जागा टेपने झाका. जाड मारलं तर दीड-दोन मिलीमीटरचा थर बसतो, पॅनेल तेवढं वर उचललं जातं, क्लॅम्प ओढून लावावे लागतात आणि पाणी थेट ड्रायव्हरच्या मांडीवर.

हीट गनने काळं परत येतं असं कोणी सांगेल तर ऐकू नका. ती युक्ती बंपरच्या साध्या प्लॅस्टिकवर चालते, हे मटेरियल गरम केल्याने मऊ होणारं नाही, जळतं.

चाकोरीबाहेर
सगळे काळा की बॉडी कलर यातच अडकलेत आणि पांढरा कोणाच्या लक्षातच येत नाहीये याचं मला वाईट वाटतं. टोयोटाच्या जुन्या एफजे ४० लँड क्रूझर बघा, खाली निळी असो, हिरवी असो, छप्पर पांढरं. लँड रोव्हरच्या सीरीज गाड्यांना तर ट्रॉपिकल रूफ मिळायचं, छपरावर दुसरं छप्पर आणि मधे हवेची पोकळी. त्या लोकांनी उन्हात गाड्या चालवून हे शिकलेलं होतं. काळा टॉप अंगावर पडलेलं जवळजवळ सगळं ऊन पितो, पांढरा बराचसा परत फेकतो. हार्डटॉपला आतून अस्तर नसेल तर उभ्या गाडीत बसल्यावर डोक्यावर जी धग लागते ती टॉपचीच असते. मी पांढरा केला, पाच वर्षं झाली, उन्हात उभी केलेली गाडी उघडून पॅनेलला आतून हात लावता येतो, आधी लावता येत नव्हता. मला बाकी काहीही नको, एवढं पुरे आहे.

दगडधोंडे
गारव्याचं शंभर टक्के मान्य. पण पांढरा गुळगुळीत केलात तर रेघा, आणि खडबडीत केलात तर प्रत्येक दाण्याच्या खाचेत माती बसणार, लाल मातीत एकदा फिरलं की ब्रशने घासूनही पिवळट झाक राहते. माझ्या मित्राचा तसा आहे.

चाकोरीबाहेर
माझा सपाट आहे आणि सेमी-ग्लॉस आहे. पांढऱ्यावर रेघ दिसायला फार जवळ जावं लागतं, गडद रंगावर दहा फुटांवरून दिसते. तुमची गाडी कोणत्या रंगाची होती?

दगडधोंडे
गडद हिरवी.

फोरबायफोर
म्हणजे इतका वेळ आपण रंगवलेल्या टॉपबद्दल बोलतोय की गडद रंगवलेल्या टॉपबद्दल? माझी गाडी चंदेरी आहे, कदाचित म्हणूनच माझ्या रेघा मला सात वर्षं चालल्या. धागाकर्ते, तुमच्या गाडीचा रंग काय आहे?

तांबडीवाट
लाल, गडद लाल. आणि पॅनेल मी जवळपास प्रत्येक ट्रिपला काढतो, तेही सांगायचं राहिलं होतं.

दगडधोंडे
मग माझ्याकडून चर्चा संपली, खडबडीतच करा.

फोरबायफोर
माझं मत अजूनही तेच आहे, चांगल्या पेंटरकडून केलेला बॉडी कलर या मटेरियलला जास्त वर्षं जगवतो. पण प्रत्येक ट्रिपला पॅनेल काढणाऱ्याला मी ते आग्रहाने सांगणार नाही. मागचा मोठा भाग तरी बॉडी कलर करा, तो तुम्ही काढत नाही.

रंगारी
मागचा भाग लाल आणि पुढची पॅनेल खडबडीत काळी, हे व्यवस्थित दिसतं, जोडाची रेघ तिथे आधीच आहे त्यामुळे अर्धवट सोडल्यासारखं वाटत नाही. एक सुचवतो, सगळा टॉप एकदम करू नका. पुढची दोन पॅनेल आहेतच, एकावर लायनर मारा, दुसरं लाल करा, तीन-चार ट्रिप तशीच चालवा. मागचा भाग तोवर नुसता धुऊन, पुसून ठेवा, आणि ड्रेसिंगची बाटली त्याच्या आसपासही नेऊ नका.

तांबडीवाट
हे करतो. काल रात्री दोन्ही पॅनेल उतरवली, सॉल्व्हंटने पुसायला घेतलं तर पहिली चार फडकी पूर्ण काळी झाली, पाचवं जरा करडं निघालं. सहाव्यावर थांबलो, आज परत बसतो. डावं पॅनेल लाल करणार, कारण वाटेवर माझ्याकडे फांद्या जास्त डावीकडूनच येतात. चौथ्या ट्रिपनंतर दोन्हींचे फोटो इथेच टाकतो.

चाकोरीबाहेर
उन्हात उभी केल्यावर दोन्ही पॅनेलना आतून हात लावून बघा आणि तेही लिहा.