मदत हवी आहे: रात्री मेन बंद केला की सकाळी कॉम्प्युटर सुरूच होत नाही

नमस्कार मंडळी. कराडला काकांचं खताचं दुकान आहे. बिलं एका जुन्या डेस्कटॉपवर होतात. मूळ विंडोज ७, नंतर त्यावरच १० टाकलेलं. मी पुण्यात, त्यामुळे सगळं फोनवर.

गेल्या महिन्यापासून काळ्या स्क्रीनवर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' येतं. आतापर्यंत तीनदा. दर वेळी दुरुस्तीवाला येतो, पाच मिनिटांत चालू करतो, तीनशे रुपये घेतो. या वेळी म्हणाला, हार्डडिस्क गेली, एसएसडी टाका, विंडोज नव्याने भरा, साडेचार हजार. काकांच्या मते त्याने 'सीपीयू' (म्हणजे डबा) एकदाही उघडला नाही, नुसती बटणं दाबली.

दुकानाचा मेन बंद करून गेलं की दुसऱ्या दिवशी हे हमखास होतं. मेन चालू राहिला तर सकाळी सुरळीत सुरू होतो. डिस्क गेली असेल तर मेनशी तिचा काय संबंध?

प्रतिसाद १: पेन ड्राइव्ह लावून ठेवलेला नाही ना? कधी कधी पीसी डिस्कऐवजी त्यावरूनच सुरू व्हायला बघतो. आमच्याकडे आठवडाभर तेच निघालं होतं.

प्रतिसाद २: ऑन करताच डिलीट दाबत राहायला सांगा. निळा-करडा पडदा येईल, त्याचा फोटो मागवा. तारीख काय दिसते आणि डिस्कचं नाव दिसतं का?

धागाकर्ता: पेन ड्राइव्ह नाही. फोटो आला. डिस्कचं नाव आहे. तारीख १ जानेवारी २०१३!

प्रतिसाद २: मग मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, नाण्याएवढा. घड्याळ आणि बायोसची (म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या, बोर्डवरच्या प्रोग्रामची) सेटिंग जिथे राहतात ती मेमरी त्याच्यावर जगते. पिन सॉकेटमध्ये असून बटण चालू असेल तर एसएमपीएस (डब्यातला वीज पुरवणारा भाग) बंद पीसीलाही थोडी स्टँडबाय वीज देत राहतो, म्हणून सेल मेल्याचं कळत नाही. मेन पाडला की सगळं विसरतो.

आता बूट डिव्हाइसचं, म्हणजे ज्या डिस्कवरून विंडोज सुरू होतं तिचं. ऑन केल्यावर प्रोसेसरला विंडोज वगैरे काही ठाऊक नसतं, तो बोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम, म्हणजे बायोस, चालवतो. रॅम, कीबोर्ड तपासून झालं की तो प्रोग्राम डिस्ककडे वळतो. जुन्या लेगसी पद्धतीत डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचायचा, शेवटचे दोन बाइट ५५ एए (बूट सेक्टरची खूण) असले की ताबा तिकडे द्यायचा. पुढे त्या सेक्टरमधला छोटा प्रोग्राम विंडोजचा लोडर (विंडोज सुरू करणारा प्रोग्राम) शोधतो. यूईएफआय या नव्या पद्धतीत हा सेक्टर चालवतच नाहीत, डिस्कच्या एका वेगळ्या भागातली (फॅट३२ पार्टिशनमधली) ईएफआय ही सुरुवातीची फाइल शोधतात. तुमचं विंडोज जुन्या पद्धतीने बसवलेलं दिसतंय. सेटिंग पुसली की बोर्ड मूळ यूईएफआयवर जातो, आणि समोर असलेल्या डिस्कवर त्याला काही सापडत नाही. दुरुस्तीवाला तीनशे रुपयांत एवढंच बदलत असणार.

धागाकर्ता: घड्याळवाल्याकडून चाळीस रुपयांत सेल आणला. पिन काढून काकांनी स्वतः बदलला, वय वर्षं ६७! तरी तोच मेसेज. मी हादरलो.

प्रतिसाद २: सेल फक्त यापुढचं लक्षात ठेवील. गेलेली सेटिंग तुम्हालाच द्यायची आहे. डिलीट दाबून येणाऱ्या त्याच पडद्यावर बूट मोड किंवा सीएसएम (जुनी पद्धत चालू ठेवणारी सोय) शोधा, लेगसी करा, तारीख लावा, एफ१० दाबून सेव्ह.

धागाकर्ता: झालं! काल रात्री मुद्दाम मेन पाडायला लावला. आज सकाळी फोटो आला, तारीख बरोबर आणि मागे बिलाची खिडकी उघडलेली. आता डिस्कची जुनी एमबीआर मांडणी बदलून नवी जीपीटी करून यूईएफआयवर जावं का?

प्रतिसाद १: चालतंय ना? मग नका हात लावू.

प्रतिसाद २: सहमत. आधी बिलांचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या. बायोसमध्ये नाव दिसलं म्हणजे डिस्क ठणठणीत आहे असं नाही. आणि बूट होताना तो पेन ड्राइव्ह काढून ठेवा, नाहीतर पहिल्या प्रतिसादवाल्यांचा आठवडा तुमच्या वाट्याला.