१.६ किमी ५:५० वर अडकलंय, पाच आठवड्यांत ५:३० होईल का? (अग्निवीर सैन्यभरती, ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी)

भरतीवाला_अमळनेर
राम राम मंडळी. वय १९, अमळनेर तालुक्यातलं खेडं. लेखी निघाली, ग्राउंडला पाच आठवडे आहेत. दोन महिने झाले, रोज पहाटे गावापासून फाट्यापर्यंत डांबरी रस्त्याने १.६ किमी जीव तोडून पळतो. आधी ६:२० लागायचे, मग ५:५० झाले आणि तिथेच गाडी अडकली. आठ दिवसांपासून दोन्ही नडग्या ठणकतात. बीम (पुल-अप्स) ७ निघतात. वडिलांनी कापूस विकला तेव्हा आधी माझे बूट घेतले, मग बाकीचा बाजार केला. हा चान्स घालवायचा नाही. काय बदलू?

माजी_जवान_धुळे
भाऊ, रोज परीक्षाच देत बसलास तर अभ्यास कधी करशील? रोज १.६ फुल ताकदीने पळणं आजपासून बंद. एकदा फक्त मित्राला मोबाइल देऊन ४०० मीटरच्या ट्रॅकवर उभा कर आणि चारही राउंडचे वेगळे टायमिंग इथे टाक. मग बोलू.

भरतीवाला_अमळनेर
दादा, आज मोजलं. ७५, ८६, ९६, ९१. एकूण ५:४८.

माजी_जवान_धुळे
दुखणं सापडलं. ७५ चा राउंड हा पाच मिनिटांत १.६ काढणाऱ्या पोराचा वेग आहे. तू त्याच्यामागे सुटतोस आणि तिसऱ्या राउंडला छाती भरून येते. ५:३० म्हणजे ३३० सेकंद, राउंडला साडेब्याऐंशी. पहिला राउंड ८१-८२ च्या खाली गेलाच नाही पाहिजे, बाजूने पोरं कितीही सुसाट जाऊ देत. दुसऱ्या राउंडच्या शेवटी त्यातली निम्मी तुला परत भेटतात, हे मी स्वतःच्या भरतीत पाहिलंय.

आठवड्यातून दोन दिवस ४०० चे सहा राउंड, प्रत्येक ८०-८२ मध्ये, मधे दोन मिनिटं चालायचं. सहावा राउंड पहिल्याइतकाच आला पाहिजे. आला नाही तर पहिला जोरात मारलास. बाकी दोन-तीन दिवस ५ ते ७ किमी, बोलता येईल इतक्या आरामात. पोरांना हे पळणं वाया गेल्यासारखं वाटतं, पण दम यातूनच वाढतो. एक दिवस पूर्ण आराम. टायमिंग पंधरा दिवसांनी एकदाच. शेवटचे पाच दिवस हलकं पळ, पाय ताजे राहू दे.

क्रीडाशिक्षिका_जळगाव
आधी नडगीचं बघ रे बाळा. चार-पाच दिवस पळणं थांबव, सायकल चालव, बर्फ लाव. नंतर डांबर सोड आणि शिवारातल्या मातीच्या गाडरस्त्यावर पळ. बोटाने दाबल्यावर हाडावर एकाच ठिकाणी कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखव. हाडाला बारीक चीर असू शकते आणि ती अंगावर काढून चालत नाही. माझा एक विद्यार्थी तसाच पळत राहिला, भरतीच्या दिवशी तो प्लास्टरमध्ये होता. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

आपल्याकडचं ऊन माहीत आहेच. सात वाजायच्या आत पळणं उरकलं पाहिजे. आणि कुणी दम वाढवायची गोळी किंवा इंजेक्शन देऊ केलं तर हातही लावू नकोस.

रावेरकर_केळीवाला
भो, बीमला हलकं घेऊ नको. ५:३० च्या आत ६० गुण, ५:४५ पर्यंत ४८. पण बीमचे ७ म्हणजे २१ गुण आणि १० म्हणजे पूर्ण ४०! तुझे १९ गुण तिथेही चाललेत. दिवसातून चार-पाच वेळा, जाता-येता, चार-चार काढ. दमून लोंबकळेपर्यंत नको. खाण्याचं म्हणशील तर आदल्या रात्री शेवभाजी-भरीत नको, साधी खिचडी खा. पळायच्या दीड-दोन तास आधी दोन केळी आणि गुळाचा खडा. नवं काहीच त्या दिवशी खायचं नाही.

भरतीवाला_अमळनेर
तीन आठवडे झाले. पहिले पाच दिवस ताईंचं ऐकून सायकल चालवली, नडगी शांत आहे. बीम ९. आज ट्रॅकवर ८१, ८३, ८५, ८४. ५:३३! शेवटच्या राउंडला पहिल्यांदाच माझ्यात काही शिल्लक होतं. पण तीन सेकंद राहिलेच.

माजी_जवान_धुळे
शाब्बास पठ्ठ्या. आतल्या रेषेला धरून पळालास की बाहेरून?

भरतीवाला_अमळनेर
दुसऱ्या लेनमधून. आत पोरं चालत होती.

माजी_जवान_धुळे
मग तू १.६ नाही, तीसेक मीटर जास्त पळालास. एका राउंडला सातेक मीटर वाढतात, म्हणजे सहा सेकंद तिथेच गेले. ग्राउंडला गर्दीत वळणावर कुणाला ओलांडू नकोस, सरळ पट्ट्यात ओलांड आणि लगेच आत ये. व्हई जाई भाऊ. बुधवारी सहा राउंड आतल्या रेषेने मार आणि टायमिंग टाक.