हर्बी रॉबर्ट्स: आर्सेनलच्या बचावाचा कणा, की इंग्लिश सेंटर-हाफचा शेवट?

मधली_फळी: लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबच्या रॉबर्ट्सला ‘स्टॉपर’चा, म्हणजे फक्त बचाव करणाऱ्या सेंटर-हाफचा, आद्य नमुना म्हणून डोक्यावर घेतात, ते मला पटत नाही. १९२५ पर्यंत सेंटर-हाफ, म्हणजे मधल्या फळीतला मधला खेळाडू, हाच संघ चालवायचा. चेंडू हिसकावणं, पुढे काढणं, विंगरला (बगलेतल्या आक्रमकाला) लांब पास देणं, सगळं त्याच्याकडे. रॉबर्ट्सने यातलं पहिलं काम तेवढं ठेवलं. दोन फुल-बॅकच्या (सर्वांत मागच्या बचावपटूंच्या) मध्ये उभं राहायचं आणि समोरच्या सेंटर-फॉरवर्डला (मधल्या आक्रमकाला) सोडायचं नाही. ‘पोलीस’ हे टोपणनाव त्यावरूनच पडलं. इंग्लंडकडून तो एकच सामना खेळला, १९३१ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध, आणि तो इंग्लंड ०-२ हरलं.

गोलपोस्ट: असहमत. आधी नियम बघा. १९२५ च्या उन्हाळ्यापर्यंत ऑफसाइड (पास मिळताना नियमाबाहेर पुढे असणं) टाळायला आक्रमक आणि गोलरेषेमध्ये तीन प्रतिस्पर्धी लागायचे, नंतर दोन पुरेसे झाले. पूर्वी एक फुल-बॅक पुढे सरकून आक्रमकाला ऑफसाइडमध्ये अडकवायचा सापळा लावायचा. तो फसला तरी दुसरा मागे असायचा. आता फसला की मागे फक्त गोलकीपर. इंग्लिश लीगच्या पहिल्या विभागातले गोल एका हंगामात ११९२ वरून १७०३ वर गेले! ३ ऑक्टोबर १९२५ ला न्यूकॅसलने आर्सेनलला ७-० धुतलं, तेव्हा आर्सेनलचा खेळाडू चार्ली बुकन याच्या आग्रहावरून व्यवस्थापक चॅपमननी सेंटर-हाफ मागे घेतला. ती जागा आधी जॅक बटलरने सांभाळली, पण त्याचा पिंड पुढे जाण्याचा. म्हणून डिसेंबर १९२६ मध्ये ऑस्वेस्ट्री क्लबकडून २०० पौंडांत रॉबर्ट्स आणला.

डावखुरा: शिवाय ‘नुसतं उभं राहायचं’ हे वर्णन अन्यायाचं आहे. चेंडू उजव्या बगलेत आला की उजवा फुल-बॅक मेल विंगरवर जायचा, डावा फुल-बॅक हॅपगूड तिरका आत सरकून रॉबर्ट्सच्या मागे यायचा. रॉबर्ट्स मात्र जागेवरच. तो बगलेकडे ओढला गेला की सेंटर-फॉरवर्ड मोकळा आणि हॅपगूडला एकट्याने दोघे बघावे लागणार. मोह आवरणं हेच त्याचं कौशल्य होतं. चेंडू मिळाला की उगाच उडवायचा नाही, जवळच्या माणसाला द्यायचा. राष्ट्रीय संघ तेव्हा निवड समिती ठरवायची, आणि मेल-हॅपगूड दोघांचंही इंग्लंडकडून पदार्पण १९३१ नंतरचं. ओळखीच्या फुल-बॅकशिवाय त्या एका सामन्यावरून काय जोखणार?

मधली_फळी: फुल-बॅकचा मुद्दा मान्य. पण तुम्ही सांगताय ती यंत्रणा चालली आर्सेनलच्याच आक्रमक अ‍ॅलेक्स जेम्समुळे. सेंटर-हाफ मागे गेला की मधे एक माणूस कमी पडतो. जेम्स खाली येऊन ती जागा भरायचा आणि तिथूनच हल्ला सुरू करायचा. बाकी क्लबांनी स्टॉपर उचलला, जेम्स कुठून आणणार? त्यांच्याकडे चेंडू नुसता लांब भिरकावला जायचा. १९५३ मध्ये वेम्ब्लीवर हंगेरीचा सेंटर-फॉरवर्ड हिदेगकुटी खाली उतरून खेळला, तर इंग्लंडचा सेंटर-हाफ हॅरी जॉन्स्टन याला कळेना मागे जावं की थांबावं. इंग्लंड ३-६ हरलं.

गोलपोस्ट: जॉन्स्टनचा गोंधळ रॉबर्ट्सच्या माथी का? रॉबर्ट्स १९४४ मध्येच गेला. सेंटर-फॉरवर्ड खाली गेला तर त्याला हाफ-बॅकने (मधल्या फळीतल्या खेळाडूने) घ्यायचं, हे आधी ठरवणं प्रशिक्षकाचं काम. आणि १९३०-३१ च्या विजेत्या आर्सेनलने ४२ सामन्यांत १२७ गोल केले, सेंटर-हाफ रॉबर्ट्सच! मागे तो ठाम होता म्हणून पुढच्यांना मोकळीक मिळाली.