वाचते भरभर, पण विचारलं की गप्प

पारोळ्याची_आई:
मुलगी दुसरीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. वाचन भरभर, जोडाक्षरंही अडत नाहीत. पण पान संपल्यावर "काय झालं गं गोष्टीत?" विचारलं की गप्प, नाहीतर शेवटचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवते. घरी आम्ही अहिराणी बोलतो. नणंदबाई म्हणतात, चित्रांची पुस्तकं बंद कर, ती चित्र बघून ठोकून देते. खरंच बंद करू का?

साक्रीचे_गुरुजी:
ताई, मुळीच बंद करू नका. चित्र बघून सांगते, म्हणजे ती अर्थ लावतेय. तेच तर हवंय. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या उद्दिष्टात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द दिलेत, पण अर्थ समजून. घरोघर वेग तेवढा मोजला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या वर्गात मी मजकुरावर कागदाची पट्टी ठेवतो आणि आधी फक्त चित्र दाखवतो. समजा, दारात आजी उभी आहे, कपाळाला आठ्या, आणि ओसरीवर चिखलाची पावलं उमटलीत. पोरं म्हणतात, "आजी चिडली." मी विचारतो, "कशावरून?" मग बोट आठ्यांवर जातं. "का चिडली?" बोट पावलांवर. "पाऊस पडून गेलाय का?" इथे चित्रात पाऊस कुठेच नाही, तरी एखादं पोर म्हणतंच, "पाय वल्ला शेतस!" (पाय ओले आहेत!) ही खरी समज, आणि ती अहिराणीत आली तर अहिराणीतच घ्या. आधी प्रमाण भाषा दुरुस्त करायला लावली, तर पोर बोलायचंच थांबतं.

मग पट्टी काढा, मजकूर वाचू द्या आणि तोच "कशावरून?" पुन्हा विचारा. आता बोट ओळीवर यायला हवं. पान उलटण्याआधी "आते काय व्हई?" (आता काय होईल?) एवढं विचारलं तरी पुरे. परीक्षेसारखे प्रश्न नकोत, एका पानावर एकदोन बास.

यावलची_सेविका:
आमच्या अंगणवाडीतही असंच करते, फक्त एका वेळी चारपाच मुलं घेऊन बसते, म्हणजे प्रत्येकाला चित्र जवळून दिसतं. पुस्तकं कमी पडत असतील तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ बघा, २०१५ पासून आहे. मराठीतल्या गोष्टी मोबाइलवर फुकट वाचता येतात, उतरवूनही घेता येतात.

पारोळ्याची_आई:
गुरुजी, काल रात्री करून बघितलं. चित्रावर इतकं बोलली की मला थांबवावं लागलं. पट्टी काढली आणि पुन्हा गप्प. मजकुरात "तिचे केस ओले होते" एवढंच होतं. का ओले, विचारलं तर ओळीत "पाऊस" शब्द शोधत बसली.

साक्रीचे_गुरुजी:
शब्द न सापडल्यावर ती अडली ना, तिथेच तिला थोडा वेळ द्या, उत्तर सांगू नका. "तुझे केस कधी ओले होतात?" असं विचारा. ती म्हणेल पावसात, नाहीतर न्हाल्यावर. मग "यातलं इथे कोणतं?" विचारून चित्राकडे परत पाठवा. चित्रातून ओळीत आणि ओळीतून चित्रात अशी ये-जा काही आठवडे चालू द्या. पुढे एखादं पान मुद्दाम चित्र झाकून वाचायला द्या आणि तिलाच त्याचं चित्र काढायला सांगा. काय समजलं, काय निसटलं, ते तिच्या चित्रात लगेच दिसेल. आणि नणंदबाईंनाही एकदा शेजारी बसवा.