फराळासाठी कागदी पॅकिंग खरंच पर्यावरणाला चांगलं का?

फराळवाली:
मी घरून चकली, चिवडा, शंकरपाळे विकते, दिवाळीत दीडशेच्या आसपास ऑर्डरी असतात आणि सगळं प्लास्टिकच्या डब्यात जातं. २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून बदलायचंय. आता दुकानदाराने खाकी पाऊच दाखवले, आतून चकचकीत, म्हणे इकोफ्रेंडली. घेऊ का? आणि कागदासाठी झाडं तोडतातच ना, मग फायदा नक्की काय?

खोकेवाला:
ताई ते पाऊच नका घेऊ. आतला थर प्लास्टिकचाच असतो, कागदाला घट्ट चिकटवलेला, म्हणून रद्दीवाला उचलत नाही आणि मातीत पूर्ण कुजतही नाही. चहाच्या कागदी कपाचंही तेच. साधा पुठ्ठा मात्र वेगळा. आपल्याकडे खोक्याचा खाकी कागद बहुतेक रद्दीपासूनच बनतो, वापीला त्याच्या कितीतरी मिल आहेत, जुने खोके भिजवून लगदा करतात आणि परत कागद. असं साधारण पाच-सात वेळा होतं, मग धागा आखूड होत जातो. म्हणजे प्रत्येक खोक्यामागे नवीन झाड जात नाही, हा खरा फायदा.

गच्चीवरची बाग:
पण तेलकट पुठ्ठा लगद्याला चालत नाही हां! मी तो बारीक फाडून खताच्या ड्रममध्ये टाकते, ओल्या कचऱ्यात कोरडं काहीतरी लागतंच, वासही येत नाही. फक्त सेलोटेप आधी काढायची. आणि वर्तमानपत्रात चकली गुंडाळू नका, छपाईची शाई पोटात जाते, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्येच नको म्हणून सांगितलंय.

अंधेरीकर:
थोडं वेगळं मत. कागद करायला पाणी आणि वीज खूप लागते, त्यामुळे एकदा वापरून फेकला तर प्लास्टिकपेक्षा भारी वगैरे म्हणता येणार नाही. तरी मी कागदाच्याच बाजूने, कारण २६ जुलै २००५ ला नाल्यांत तुंबलेल्या पिशव्या मी डोळ्यांनी बघितल्यात. कागद नाल्यात गेला तरी भिजून त्याचा लगदा होतो, पिशवी वर्षानुवर्षं तशीच. गावातल्या गिऱ्हाइकांना स्वतःचा डबा आणायला सांगा ना, पॅकिंगच नको.

फराळवाली:
डब्याचं पटलं, निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं इथलीच आहेत. पण कुरिअरचं काय, नुसत्या पुठ्ठ्यात चिवडा सादळेल.

खोकेवाला:
त्याला आत प्लास्टिकची साधी जाड पिशवी वेगळी ठेवा, चिकटवलेली नको. म्हणजे पुठ्ठ्याला तेल लागत नाही, तो रद्दीत जातो आणि पिशवी धुऊन परत वापरता येते.

फराळवाली:
हे जमेल दादा. सेलोटेपऐवजी सुतळीने बांधते. उद्या एक खोका बहिणीला नाशिकला पाठवून बघते, चकल्या मोडतात का ते कळवते इथे.