ठाण्यात ईव्ही घेतोय, पण सर्व्हिसचं काय? खरा अनुभव सांगा

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. कासारवडवलीला राहतो, ऑफिस ऐरोलीला, रोजचं जाऊन येऊन ४५-५० किमी होतं. पेट्रोल गाडी ९ वर्षं जुनी झालीय आणि आता ईव्ही घ्यायचं जवळजवळ पक्कं आहे, सोसायटीने चार्जरची परवानगी पण दिली. दोन वर्षांपूर्वी आमच्या पार्किंगमध्ये हिरव्या नंबरप्लेटची एकच गाडी होती, काल मोजल्या तर अकरा. पण त्यातल्या दोघांनी सांगितलं की गाडी मस्त आहे पण सर्व्हिस सेंटरला लागली की डोकं फिरतं. म्हणजे नक्की काय होतं? बायकोला शंका आहे आणि मला तिला खोटं आश्वासन द्यायचं नाही.

नेरुळ_पामबीच
तीन वर्षं चालवतोय, ५२ हजार किमी झाले, चालवायला खरंच सुख आहे. पण मागच्या पावसाळ्यात घरी चार्जर लावला तर चार्जिंगच होईना. गाडीतला ऑनबोर्ड चार्जर (घरच्या एसी विजेचं डीसी करून बॅटरीत भरणारा) गेलेला, बाहेरच्या चार्जिंग स्टेशनचा डीसी फास्ट चार्जर मात्र चालत होता म्हणून आठवडाभर बाहेर चार्ज करून काढला. मग गाडी दिली ती २३ दिवस तिथेच. पार्ट यायला वेळ लागला हे समजू शकतो हो, पण पार्ट आला तेव्हा ईव्हीचं ट्रेनिंग झालेला एकच माणूस आणि तो गावी गेलेला, आणि मला रोज फोनवर "उद्या होईल सर". आईची फिजिओथेरपी चालू होती तेव्हा, रिक्षा शोधत फिरलो. कंपनीचं नाव घेत नाही, गाडीवर राग नाहीच माझा.

खारघर सेक्टर १२
याचं कारण विक्रीतच आहे. जानेवारी २०२० ला टाटाची नेक्सॉन ईव्ही आणि एमजीची झेडएस ईव्ही आल्या तेव्हा लोक हात लावायला घाबरायचे. मग टियागो, कॉमेट, विंडसर, महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई, क्रेटा इलेक्ट्रिक अशा गाड्या येत गेल्या, एकट्या २०२४ मध्ये देशात लाखाच्या आसपास इलेक्ट्रिक कार विकल्या गेल्या. गाड्या विकायला वेळ लागत नाही, माणूस तयार करायला लागतो. त्यात ईव्हीला ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही, ब्रेक पॅड पण रीजनमुळे (वेग कमी करताना मोटरच गाडी रोखते आणि बॅटरी थोडी चार्ज करते) खूप टिकतात, म्हणजे डीलरची नेहमीची कमाई कमी, मग तो वर्कशॉपवर खर्च करायला मागेपुढे बघतो. आणि पेट्रोल गाडीसारखं कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे नेता येत नाही ना, म्हणून सर्व्हिस सेंटर इथे जास्त महत्त्वाचं.

तुर्भेवाला
मी सर्व्हिसमध्येच काम करतो, तुर्भे एमआयडीसीत. वरचं सगळं बरोबर आहे, वाईट वाटतं पण बरोबर आहे. नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज, साधारण ३०० ते ४०० व्होल्ट, आधी हाय व्होल्टेजची लाइन बंद करून काही मिनिटं थांबून मीटरने चेक करून मगच हात लावायचा, हे न शिकलेल्या पोराला गाडीखाली पाठवणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. म्हणून बुकिंगआधी वर्कशॉपला जा आणि विचारा, हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग झालेले किती जण आहेत, बॅटरी पॅक इथेच उतरवता की दुसरीकडे पाठवता, गाडी अडकली तर दुसरी देता का. गाडी मधेच बंद पडली तर दरवेळी मोठी बॅटरी गेली असं नसतं, बऱ्याचदा छोटी १२ व्होल्टची बसलेली असते, तीच बदलायची असते. घोडबंदरच्या खड्ड्यात खालून जोरात लागलं तर लगेच लिफ्टवर घेऊन पॅकचा तळ बघून घ्या. बॅटरीची वॉरंटी बऱ्याच गाड्यांना ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी असते पण बाहेरून वायर कापून लाइट-हॉर्न लावलेत तर क्लेमला भांडण होतं.

घोडबंदरकर
खूप आभार सगळ्यांचे. नेरुळकर, आई आता बरी आहे ना? शनिवारी सकाळी आधी वर्कशॉपला जातो, शोरूम नंतर. तुर्भेवाले दादा, ट्रेनिंगबद्दल विचारलं तर कागद दाखवतात का ते?

तुर्भेवाला
चांगल्या ठिकाणी भिंतीवर लावलेलं असतं, नसेल तर वर्क्स मॅनेजरला भेटा, सर्व्हिस ॲडव्हायझरला नको. आणि शनिवारी नको हो, फार गर्दी असते, कोणी बोलणार नाही नीट. मंगळवार-बुधवार दुपारी जा.